मैदान मिळेपर्यंत

मुंबईच्या दक्षिण टोकाला मैदानांची जी रांग लागते, तशी रांग आपल्या देशात दुसरीकडे क्वचितच सापडेल. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून निघावे, बधवार पार्कची रेल्वे वसाहत ओलांडावी आणि उत्तरेकडे चालू लागावे. आधी कूपरेज, मग ओव्हल, पलीकडे क्रॉस मैदान आणि आझाद मैदान, चर्चगेटजवळ ब्रेबर्न, त्याच्यापुढे वानखेडे आणि समुद्राच्या कडेने पारशी, हिंदू व इस्लाम जिमखाने. रमतगमत गेलात तरी सकाळच्या एका फेरीत सारे पाहून होईल. या मैदानांवर चौरंगी-पंचरंगी सामने झाले, येथेच मर्चंट खेळले, येथेच गावसकर वाढले. आणि हा सारा इतिहास इतक्यांनी इतक्या हौसेने लिहून ठेवला आहे, की शाळेतल्या पोरांनाही तो तोंडपाठ असतो. मात्र तो वाचताना एक गोष्ट खटकल्यावाचून राहात नाही. त्यात बायका दिसतात त्या प्रेक्षकांच्या सज्जात, डबे घेऊन आलेल्या. खेळणाऱ्या बायका त्यात नाहीत. वास्तविक त्या होत्या, आणि त्यांतली एक तर आमच्या शेजारचीच.

बधवार पार्क आणि मच्छीमार नगर यांच्यामध्ये अंतर असे नाहीच. एका बाजूस रेल्वेच्या अधिकाऱ्यांच्या इमारती, दुसऱ्या बाजूस होड्या, जाळी आणि बोंबील वाळत घालायच्या वलांड्या. वाचकांना हे नाव २००८ सालच्या नोव्हेंबरातल्या त्या काळरात्रीमुळे ठाऊक असेल. हल्लेखोर याच किनाऱ्यावर उतरले. पण हे नाव आणखी एका कारणासाठी लक्षात राहावयास हवे होते. या रेल्वे वसाहतीत डायना आणि बेहरोज या एदलजी बहिणी लहानाच्या मोठ्या झाल्या. १९५६ साली जन्मलेली डायना वसाहतीतल्या मुलांबरोबर टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळे. बास्केटबॉल आणि टेबल टेनिस यांतही तिचा हात चाले, परंतु मन बसले ते क्रिकेटवर. डावखुरी फिरकी गोलंदाजी करणारी ही मुलगी पुढे भारताची कर्णधार झाली, २० कसोटी सामने खेळली आणि त्यांत तिने ६३ बळी मिळवले. एकदा चेंडू लागून तिचे समोरचे चार दात पडले. ते पडले म्हणून तिने खेळ सोडला नाही.

आता कोणी म्हणेल, मुलगी मुलांत खेळली यात नवल ते काय? वाड्यातल्या, चाळीतल्या कितीतरी मुली दहा-बारा वर्षांच्या होईपर्यंत भावांबरोबर चेंडू टोलवीत असतात. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. बाराव्या वर्षी मुलाला जिमखान्यात नाव घालण्याची वाट मोकळी असते आणि मुलीला ‘आता पुरे’ असे सांगण्यात येते. हे ‘आता पुरे’ ज्यांनी ऐकले नाही, त्यांच्यासाठी त्या काळी पुढे काहीच नव्हते. ना क्लब, ना स्पर्धा, ना संघ. ते सारे त्यांना स्वतःच उभे करावे लागले.

मुंबईत ही खटपट केली आलू बामजी या पारशी बाईंनी. १९६९ च्या सुमारास त्यांनी ‘अल्बीज’ नावाचा मुलींचा क्रिकेट क्लब काढला. तिकडे लखनौत महेंद्रकुमार शर्मा नावाचे एक उत्साही गृहस्थ रिक्षात ध्वनिक्षेपक लावून ‘मुलींचे क्रिकेट होणार आहे, अवश्य या’ अशी दवंडी देत हिंडत. १९७३ साली त्यांच्याच खटपटीने भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली, आणि एप्रिल महिन्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा आपल्या पुण्यात भरली. संघ किती? तीन! मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. म्हणजे त्या दिवशी हिंदुस्थानातले महिला क्रिकेट दोन तृतीयांश मराठी मुलखात होते असे म्हटले तरी चालेल. वर्ष संपता संपता वाराणसीस दुसरी स्पर्धा झाली तिला आठ संघ आले, आणि कलकत्त्याच्या तिसऱ्या स्पर्धेत चौदा. एवढ्या वेगाने वाढलेली गोष्ट कुणी वरून रुजवलेली नसते. ती जमिनीत आधीच असते, तिला फक्त पाणी हवे असते. पुढे या संघटनेचे अध्यक्षपद कऱ्हाडच्या खासदार प्रेमलाबाई चव्हाण यांनी काही काळ सांभाळले, आणि सुनील गावसकरांची बहीण नूतन गावसकर यांनी चिटणीसपदाचा भार वाहिला. ‘गावसकर’ म्हटल्यावर आपल्याला भाऊच आठवतो. संघटनेच्या तिजोरीत पैसा नसताना दौऱ्यांसाठी दारोदार हिंडून वर्गणी गोळा करणारी बहीण कोणाला आठवते?

१९७५ साली ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील मुलींचा संघ आला. पुणे, दिल्ली आणि कलकत्ता असे तीन सामने झाले आणि तिन्ही ठिकाणी आपली कर्णधार वेगळी होती. पुण्यास हा मान उज्ज्वला निकम यांना मिळाला. पुढच्या वर्षी वेस्ट इंडीजचा संघ आला आणि ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी बंगळूरला भारतीय स्त्रिया पहिला अधिकृत कसोटी सामना खेळावयास उतरल्या. पुण्याची शुभांगी कुलकर्णी तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची होती. त्या पहिल्याच सामन्यात तिने एका डावात पाच बळी घेतले. नोव्हेंबरात पाटण्यास शांता रंगास्वामींच्या नेतृत्वाखाली आपण पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा मैदान माणसांनी फुलून गेले होते. पुरुषांच्या संघाला पहिला कसोटी विजय मिळवावयास १९३२ पासून १९५२ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे लागली होती. बायकांना एक महिनाही लागला नाही.

या मुली प्रवास कशा करीत, हे त्या पिढीने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. आरक्षण नसलेल्या दुसऱ्या वर्गाच्या डब्यात, ट्रंकांवर बसून. मुक्काम शाळेच्या वर्गात, नाहीतर धर्मशाळेत, जमिनीवर अंथरूण टाकून. साऱ्या संघात मिळून बॅटी दोन किंवा तीन. बाद होऊन परतणारीने आपली बॅट जाणारीच्या हाती द्यावयाची. आपल्याकडे अशा कष्टांचे कौतुक करण्याची एक रीत पडली आहे. मला ती रीत आवडत नाही. बॅट उसनी घेऊन खेळण्यात काही गोडवा नसतो. गोडवा आपण मागाहून, आपल्या सोयीसाठी घालतो.

जानेवारी १९७८ ची गोष्ट पाहा. महिलांचा विश्वचषक त्या वर्षी भारतात भरला. पुरुषांच्या विश्वचषकाचे यजमानपद आपल्याकडे यावयास अजून नऊ वर्षे होती, हे ध्यानात घ्यावे! भारत, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड असे चारच संघ होते. १ जानेवारीला ईडन गार्डन्सवर आपला पहिला सामना झाला आणि कर्णधार होती बधवार पार्कची डायना एदलजी. आपण तिन्ही सामने हरलो. पण साऱ्या देशाचे कान त्या दिवसांत रेडिओला लागले होते ते मेलबोर्नसाठी. तेथे बिशनसिंग बेदींचा संघ ऑस्ट्रेलियात आपला पहिला कसोटी विजय मिळवीत होता. तो सामना ४ जानेवारीस संपला. लगोलग सिडनीचा सुरू झाला, तोही आपण जिंकला. घरच्या अंगणातला विश्वचषक अशा रीतीने येऊन गेला.

हे क्रिकेटपुरतेच होते असे मात्र नाही, आणि क्रिकेटपासून सुरूही झाले नव्हते. वांद्र्याची मेरी डिसूझा १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १०० आणि २०० मीटर धावली. स्वतंत्र भारताच्या त्या पहिल्या चार महिला ऑलिंपिकपटूंपैकी ती एक. तिला पाठवावयास सरकारपाशी पैसे नव्हते, तेव्हा वांद्र्याच्या लोकांनी पत्त्यांचा डाव आणि नाच यांचा कार्यक्रम ठेवून तिकिटे विकली आणि तिच्या वाटखर्चाची सोय केली. हीच मेरी भारताच्या महिला हॉकी संघातूनही खेळली. एक मुलगी दोन खेळांत देशासाठी उतरते, आणि तिच्या प्रवासाचे भाडे शेजारपाजारचे लोक भरतात! पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत महिलांची हॉकी पहिल्यांदा आली. पुण्याची एलिझा नेल्सन आपली कर्णधार होती. अंतिम सामन्यात आपण कोरियाला ६-० असे हरवले आणि सुवर्णपदक घेतले. पण त्या वर्षाची हॉकी म्हटली की आजही लोकांना पुरुषांच्या संघाने पाकिस्तानकडून खाल्लेला १-७ असा मार आठवतो. म्हणजे पुरुषांची हारसुद्धा बायकांच्या जितीपेक्षा मोठी!

आता गिरणगावात येऊ. लालबाग-परळच्या गल्ल्यांतून संध्याकाळी मैदान आखून कबड्डीचे सामने होत, तेव्हा गिरण्यांचे भोंगे अजून वाजत होते. कबड्डी हा मराठी माणसाचा घरचा खेळ. त्याचे नियमही विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्या-साताऱ्याकडेच बसवले गेले. त्याला ना हिरवळ लागते, ना बॅट, ना पॅड. चुन्याची रेघ आणि तेरा-चौदा धडधाकट माणसे पुरतात. म्हणूनच बहुधा क्रिकेटच्या जिमखान्यात ज्यांना पाऊल टाकता येणे शक्य नव्हते, त्या घरांतल्या मुली या खेळात पुढे आल्या. मार्च २०१२ मध्ये पाटण्यास महिला कबड्डीचा पहिला विश्वचषक झाला आणि अंतिम सामन्यात आपण इराणला हरवले. त्या संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. राज्य सरकारने तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. नुसत्या तक्रारी मांडणे बरे नव्हे. आशियाई खेळांत २०१० साली महिला कबड्डी आली, तेव्हापासून २०१०, २०१४ आणि २०२३ साली भरलेल्या हांगझोऊच्या खेळांत आपण सुवर्ण घेतले. मधल्या २०१८ साली, लोअर परळची सोनाली शिंगटे ज्या संघात होती तो आपला संघ अंतिम सामन्यात इराणकडून २४-२७ असा हरला. या इराणच्या संघाला तयार कुणी केले होते? नाशिकच्या शैलजा जैन यांनी! आयुष्यभर कबड्डी शिकवलेल्या या बाईंना भारतीय संघाची सूत्रे काही मिळाली नव्हती. तेव्हा परक्या मुलखात जाऊन, तिथली भाषा शिकून, प्राणायामापासून चढाईपर्यंत सारे शिकवून त्यांनी तिकडच्या मुली घडवल्या. आपली विद्या आपल्यालाच हरवून गेली. मला त्या दिवशी कुणाच्या बाजूने टाळी वाजवावी हे खरोखर कळेना.

या साऱ्या खेळाडूंच्या हकिकती एकापुढे एक ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. संघ कोणताही घ्या, त्यातल्या पुष्कळजणींच्या मागे रेल्वे उभी दिसते. एलिझा नेल्सन रेल्वेकडून खेळली, मिताली राज रेल्वेकडून खेळली, सोनाली शिंगटेही रेल्वेचीच. याचे कारण सरळ आहे. आपल्या घरांतून मुलीला ‘खेळायला’ सोडत नाहीत, पण ‘नोकरीला’ सोडतात. खेळामुळे महिन्याचा पगार सुरू झाला, की लग्नाची घाई थांबते, पास मिळतो, सामन्यासाठी रजा मिळते, आणि रात्री उशिरा घरी येण्याला एक सबब मिळते. डायना एदलजी या पश्चिम रेल्वेत अधिकारी झाल्या. महिला क्रिकेटपटूंना रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि रेल्वेचा संघ देशातला सर्वांत बलाढ्य महिला संघ झाला. लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये १९८६ च्या दौऱ्यात त्यांना शिरू दिले नव्हते, ही हकिकत सर्वत्र सांगितली जाते. (त्या इंग्रज क्लबाने बायकांना सभासद करून घेण्याचा ठराव केला तो १९९८ साली!) पण माझ्या मते त्यांचे मोठे काम लॉर्ड्सच्या दारात झाले नाही, चर्चगेटच्या कचेरीत झाले. पंजाबातल्या मोगा गावच्या हरमनप्रीत कौर नावाच्या मुलीला २०१४ साली पश्चिम रेल्वेत नोकरी मिळाली, तिच्यासाठीही शब्द टाकला होता तो डायनाबाईंनीच.

नोकरी मिळाली; मैदान मात्र मिळेना. १९९७ च्या डिसेंबरात महिलांचा विश्वचषक पुन्हा भारतात आला. १६ डिसेंबरला वांद्र्याच्या एम.आय.जी. क्लबाच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क हिने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा काढल्या. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले हे पहिले द्विशतक, पुरुष आणि बायका दोन्ही धरून! पुरुषांत हा पराक्रम सचिन तेंडुलकरने केला तो २०१० साली. जगातले पहिले द्विशतक आपल्या मुंबईत, इमारतींच्या गर्दीतल्या एका क्लबाच्या मैदानावर झाले आणि पुष्कळ मुंबईकरांना त्याचा पत्ता नाही. २००५ साली आपला संघ दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत जाऊन ऑस्ट्रेलियाकडून हरला. त्या स्पर्धेत सामन्यामागे हजार रुपये मिळाले, असे मिताली राजने पुढे सांगितले आहे. २००६ मध्ये महिला संघटना क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली. शेवटच्या चिटणीस होत्या शुभांगी कुलकर्णी. आता तरी दिवस पालटतील असे वाटले.

आणि मग आले २०१३. विश्वचषक मुंबईत, सामने वानखेडेवर ठरलेले. परंतु मुंबईचा पुरुष संघ रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत गेला. तो सामना घरच्या मैदानावर, वानखेडेवरच व्हावा असा आग्रह धरण्यात आला, आणि महिलांचा विश्वचषक उचलून ब्रेबर्नवर नेण्यात आला. रणजीचा सामना तिसऱ्या दिवशीच संपला, मुंबईने सौराष्ट्राला डावाने हरवले. वाचकहो, वानखेडे स्टेडियम मुळात का बांधले गेले हे आठवते ना? ब्रेबर्नवरच्या कसोटीची तिकिटे कुणाला किती यावरून दोन संस्थांत भांडण जुंपले, म्हणून १९७४ साली हाकेच्या अंतरावर हे दुसरे स्टेडियम उभे राहिले. पुरुषांच्या तिकिटांसाठी अख्खे मैदान बांधता येते. बायकांच्या विश्वचषकासाठी असलेले मैदान राखून ठेवता येत नाही. ब्रेबर्न हे काही वाईट मैदान नव्हे, उलट देखणे आहे. पण पंगतीत पान वाढून झाल्यावर ‘जरा तिकडे सरा’ म्हणण्यातला जो भाव असतो, तो काही पानातल्या पक्वान्नांमुळे जात नाही.

त्यानंतरचा इतिहास वाचकांच्या डोळ्यांसमोरचा आहे, तेव्हा तो थोडक्यात सांगते. जुलै २०१७ मध्ये हरमनप्रीतने उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धावा काढल्या, आणि लॉर्ड्सवर अंतिम सामन्यात, मुंबईच्या पूनम राऊतने ८६ धावा करूनही, आपण इंग्लंडकडून ९ धावांनी हरलो. ज्या मैदानाच्या पॅव्हिलियनमध्ये एदलजींना शिरू दिले नव्हते, त्याच मैदानावर त्या दिवशी प्रेक्षकांना जागा पुरत नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने पुरुष आणि महिला यांचे सामन्याचे मानधन सारखे केले: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख. २०२३ साली महिलांची व्यावसायिक स्पर्धा मुंबईत सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात वानखेडेवर महिलांची कसोटी झाली आणि ऑस्ट्रेलियाला आपण आठ गडी राखून हरवले. ऑस्ट्रेलियावर हा आपला पहिला कसोटी विजय. वानखेडेवर झाला म्हणून मला तो जास्त गोड वाटला, हे कबूल करायला हरकत नाही.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत काय झाले ते सांगावयास नकोच. तरी चार आकडे लिहून ठेवते, कारण दिवाळी अंक घरात पुष्कळ दिवस राहतो. त्याआधी उपांत्य सामन्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाचे ३३९ चे आव्हान पार पाडले होते. ही जेमिमा लहानपणी महाराष्ट्राच्या वयोगटांतून हॉकीही खेळलेली; मेरी डिसूझाचीच परंपरा म्हणावयाची. अंतिम सामन्यात शफाली वर्माच्या ८७ आणि दीप्ती शर्माच्या ५८ धावांच्या जोरावर आपण २९८ केल्या. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वूलवार्ट शतक करून झुंजली, पण दीप्तीने पाच बळी घेतले आणि डाव २४६ वर संपला. शेवटचा झेल घेतला तो पश्चिम रेल्वेत कधी काळी नोकरीस लागलेल्या हरमनप्रीतने. मध्यरात्र उलटून गेली होती. त्या मुलींनी चषक नुसता उंचावला नाही. मैदानावर उभ्या असलेल्या मिताली राज, झूलन गोस्वामी, अंजुम चोप्रा या जुन्या खेळाडूंच्या हाती नेऊन दिला.

त्याच महिन्यात आणखी एक विश्वचषक झाला. ढाक्यास, कबड्डीचा. २४ नोव्हेंबरला अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी चिनी तैपेईला ३५-२८ असे हरवले आणि २०१२ चे जगज्जेतेपद राखले. पुरुषांच्या कबड्डीची मोठी व्यावसायिक स्पर्धा २०१४ पासून दूरचित्रवाणीवर गाजते आहे. तिच्या जोडीला बायकांची म्हणून २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली होती, ती एका वर्षातच बंद पडली.

डिसेंबरात मी वर्गातल्या मुलींना विचारले, आपली क्रिकेटची कर्णधार कोण? सगळ्या एकदम ओरडल्या. मग विचारले, कबड्डीची? कुणी बोलेना. मागच्या बाकावरची एक, जिची आई पहाटे ससून डॉकला जाते आणि जी स्वतः मधल्या सुट्टीत मुलांना हात लावून पळून येते, ती म्हणाली, “बाई, कबड्डीचा पन वर्ल्ड कप असतो?” मी फळ्यावर लिहिले: ऋतू नेगी. मुलींनी ते वहीत उतरवून घेतले. मग शाळेचे अंगण त्या तासाला रिकामे होते, म्हणून आम्ही खडूऐवजी चुना घेतला आणि खाली गेलो.